हवेतले गायरान

राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा आपण पाठ करतो. पण सामान्य माणसे फावल्या वेळी कोणाबरोबर आणि कोणाच्या परवानगीने खेळली, हे इतिहासाला सहसा कोणी विचारीत नाही. कामाचे तास आठच असावेत म्हणून जे झगडले, त्यांनी उरलेल्या वेळावरही आपला हक्क सांगितला होता. म्हणून हातात मावणाऱ्या खेळयंत्रांवर, तारेवाचून, चौघांनी मिळून खेळण्याचा इतिहास कामगार चळवळीतील माणसाने सांगावा, यात वावगे काही नाही.

या इतिहासाचा आरंभ पत्त्यांच्या कारखान्यात होतो. जपानमधील क्योटो शहरात १८८९ साली निघालेली निन्टेन्डो ही कंपनी पत्ते तयार करीत असे. १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण तेथे यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीस लागला. रिकाम्या वेळी त्याने दूरची वस्तू पकडणारा एक गमतीचा हात बनविला. तो मालकाच्या नजरेस पडला आणि १९६६ साली खेळणे म्हणून विक्रीस आला. ज्या तुकडीने १९८९ साली ‘गेम बॉय’ हे खेळयंत्र घडविले, तिचा प्रमुख हाच योकोई. महागड्या नव्या शोधामागे न धावता, जुने होऊन स्वस्त झालेले तंत्र नव्या कामाला लावावे, हे त्याचे सूत्र होते. गेम बॉयला तार जोडण्याची सोय होती. तारेने दोन यंत्रे जोडावीत आणि दोघांनी समोरासमोर बसून खेळावे.

पुढे ही तारही गेली. १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनवर सापाचा खेळ आला. दोन फोन एकमेकांसमोर धरले की डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या साह्याने तो दोघांना खेळता येई. २००४ साली गेम बॉयच्या पुढील पिढीसाठी बिनतारी जोडणी निघाली. तिच्यावर खेळल्या जाणाऱ्या पोकेमॉनच्या खेळात मुले ज्या दालनात जमत, त्याचे नावच होते ‘युनियन रूम’! आमच्या धंद्यातला शब्द इतक्या दूरवर पोहोचलेला पाहून मला मौज वाटली. त्याच वर्षाच्या अखेरीस निन्टेन्डोचे ‘डीएस’ आणि सोनीचे ‘पीएसपी’ ही यंत्रे आली. डीएसवरील कित्येक खेळांत अशी सोय होती की, खेळाचे कार्ड एकाजवळ असले तरी शेजारच्यांना तो आपापल्या यंत्रावर तात्पुरता उतरवून घेता येई. वस्तू एकाची, पण खेळ सर्वांचा.

हे साधले कशाने? सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलने असणाऱ्या रेडिओलहरींनी. या लहरींचा पट्टा अमेरिकेने १९८५ साली अशा उपयोगासाठी परवान्यावाचून खुला केला, आणि भारत सरकारने २००५ साली नियम करून कमी शक्तीच्या साधनांना त्यात परवान्यातून सूट दिली. बाकीच्या पट्ट्यांचे कोट्यवधींचे लिलाव होतात. हा मात्र गावच्या गायरानासारखा. ज्याने त्याने आपले जनावर आणावे आणि चारावे.

ही खेळयंत्रे आपल्या भागात फारशी आली नाहीत. आपल्याकडे ते काम फोनने केले. गेल्या दशकात वसतिगृहांतील पोरे एका फोनचा हॉटस्पॉट लावून ‘मिनी मिलिशिया’ खेळत. २०१६ साली नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने ‘लुडो किंग’ काढला. पचिशीचा आपला पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात लुडो झाला होता. तो असा फोनवरून घरी परतला. एकाच फोनभोवती चौघांनी बसून तो खेळता येतो, आणि कंपनीच्या संगणकामार्फत दूरच्या माणसाशीही. २०२० च्या टाळेबंदीत या दुसऱ्या वाटेने घराघरांतील एकटेपणा हलका केला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि, श्रोतेहो, या दोन वाटांत मालकीचा भेद आहे. दूरची वाट कंपनीच्या अंगणातून जाते, आणि अंगणाचे फाटक कधी लावायचे हे कंपनी ठरविते. डीएसवरून इंटरनेटद्वारे खेळण्याची सेवा निन्टेन्डोने २० मे २०१४ रोजी बंद केली. ज्यांनी यंत्र आणि खेळ रोख पैसे मोजून घेतले होते, त्यांना कोणी विचारले नाही. परंतु तीच दोन यंत्रे शेजारी धरली तर आजही एकमेकांशी बोलतात. तो व्यवहार बंद करणे कोणाच्या हाती नाही.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागू नये. कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी जोडी मुकादमाकडून आधी उचल घेते. पैसा हाती येतो तेव्हा तो उपकार वाटतो. बांधले गेल्याचे मागाहून कळते. फुकट मिळणारा खेळ ही पुष्कळदा अशीच उचल असते. तिची फेड आपल्या वेळाने, आपल्या माहितीने, आणि पैजेचा खेळ असला तर घरच्या पैशाने होते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये करावा लागला, तो उगाच नव्हे.

म्हणून मुलांच्या हातातला फोन हिसकावण्याआधी त्यांचा खेळ कोणत्या वाटेने चालला आहे ते पाहावे. उसाच्या फडाजवळ, कोपीच्या दारात, जेथे टॉवरची रेंज मिळेलच असे नाही, तेथेही दोन फोन एकमेकांना गाठू शकतात. शेजारच्याशी शेजारी राहून खेळण्याची ही वाट प्रत्येक खेळात खुली ठेवलीच पाहिजे, अशी मागणी ग्राहकांनी संघटितपणे करावयास हवी. जमिनीवरच्या गायरानांचे काय झाले ते मराठवाड्याने पाहिले आहे. ज्या गायरानावर गावाची पावले पडत नाहीत, त्यावर एके दिवशी दुसऱ्याचे कुंपण उभे राहते.