धुई उठेपर्यंत

14 जानेवारी 2024, रविवार. भोगी. त्या साली संक्रांत 15 तारखेला आली होती आणि धाकट्या बहिणीच्या मुलाचं बोरन्हाण गुरुग्रामला तिच्या घरी संक्रांतीलाच करायचं ठरलं होतं. आई-आण्णांचा हा जन्मातला पहिला विमानप्रवास. त्या दिवशी काय झालं ते तासातासानं लिहितो आहे. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटेल. आण्णांच्या जिवावर बेतलं ते या किरकोळ गोष्टी एकापुढं एक येत गेल्यामुळं.

रात्री 2.30, निमोणे

आई आमच्या आधीच उठलेली. चुलीवर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी. हा सगळा डबा लेकीसाठी. आम्ही तिघांनी फक्त चहा घेतला, आण्णांचा बिनसाखरेचा. आण्णांचं रात्रीचं जेवण आठ वाजता झालं होतं. चौदा वर्षांचा मधुमेह, गेली पाच वर्षं इन्सुलिन; सकाळी नाश्त्याआधी एक सुई, रात्री जेवणाआधी एक.

मोठ्या बॅगेत डबा, रानातली बोरं, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे, आण्णांच्या गोळ्या, साखर तपासायचं मीटर आणि त्यांचे बिस्किटाचे पुडे गेले. इन्सुलिनचं पेन तेवढं आईच्या पर्समध्ये राहिलं. हातातल्या पिशवीत एक पुठ्ठ्याचा खोका होता, त्यात हलव्याचे दागिने: हार, बाजूबंद, मुकुट, बासरी. पंधरा दिवस आईनं शेगडीच्या धगीवर परातीत तीळ हलवत, पाकाचा थेंब-थेंब सोडत तो हलवा फुलवला होता. बॅगेत दाबला तर काटे मोडतील, म्हणून तो हातात. औषधं मोडत नाहीत, म्हणून ती बॅगेत. बॅग मी भरली होती.

पहाटे 3.15, न्हावरे ते तळेगाव ढमढेरे

घोड नदीच्या बाजूनं धुई उतरली होती. गाडीच्या दिव्यात रस्त्याकडेचा ऊस तेवढा दिसायचा. आण्णा काच खाली करून कांद्याच्या वावरांकडं बघत होते. धुई म्हणजे करपा, करपा म्हणजे फवारणी, आणि 8 डिसेंबरला निर्यातबंदी लागल्यापासून कांद्याचा भाव असा पडलेला की फवारणीचा खर्च काढायचा कुठून, हाच आमच्याकडं घरोघरी प्रश्न. ते एवढंच म्हणाले, "आपल्याकडंच एवढी हाय, तर दिल्लीत काय असंल! दहा वाजल्याबिगर उठत नाय ती."

शेतकऱ्याचा हा अंदाज बरोबर होता, हे आज सांगायलाच हवं. रात्र निरभ्र, वारा पडलेला, जमिनीत ओल. जमीन झपाट्यानं निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि तिच्यातल्या बाफेचे थेंब होतात. गंगा-यमुनेच्या मैदानात वर धूर आणि धूळ असते, थेंबांना धरायला कण मिळतात, आणि वरच्या उबदार हवेचं झाकण बसलं की धुकं जागचं हलत नाही. या धुक्याचा अभ्यास आपल्या पुण्यातच चालतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं 2015 च्या हिवाळ्यात दिल्लीच्या विमानतळावर उपकरणं मांडून ते काम सुरू केलं. त्या आठवड्यात उत्तरेत दाट ते अतिदाट धुकं राहील, हा हवामान खात्याचा इशाराही आलेला होता. माहितीला तोटा नव्हता.

पहाटे 5.10, पुण्याचा लोहगाव विमानतळ

सात-दहाचं विमान. काउंटरवर मोठी बॅग दिली. पट्ट्यावरून ती आत जाताना आईनं तिला हात जोडले. "बॅगेत औषधं आहेत का?" असं कुणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

5.40

मोबाईलवर पहिला निरोप: विमान 7.50 ला. चाळीस मिनिटं.

त्याच पहाटे दिल्लीत पालमची दृश्यमानता शून्य मीटर नोंदली गेली. अशा धुक्यात विमान उतरवायची सोय असते. तिला कॅट-थ्री म्हणतात, आणि तिच्यावर 50 मीटर दिसलं तरी उतरता येतं. पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक तिन्ही त्या तयारीचे लागतात. उड्डाणाला 125 मीटर तरी दिसावं लागतं. दिल्लीच्या चार धावपट्ट्यांपैकी कॅट-थ्रीची एक सप्टेंबरपासून दुरुस्तीसाठी बंद होती. ऐन धुक्याच्या महिन्यांत. म्हणजे सगळा भार एकीवर.

7.10

निघायची वेळ. निरोप: 8.40. पुन्हा पन्नास मिनिटं.

आण्णांना म्हटलं, काहीतरी खाऊन घ्या आणि सुई घ्या. त्यांनी दुकानाच्या पाटीवरचा वड्याचा भाव वाचला आणि मान फिरवली. "एवढ्यात निघंल की. इमानात देत्यात म्हनं नाष्टा." तिकिटात नाश्ता होता हे खरं. दीड तासच तर काढायचा होता, म्हणून मीही ताणलं नाही.

माझा राग आहे तो इथं. साडेपाचला कुणी सरळ सांगितलं असतं की दहाच्या आत काही सुटणार नाही, तर मी आण्णांना बाहेर नेऊन पोटभर जेवू घातलं असतं. चाळीस, पन्नास, पुन्हा चाळीस, असा तुकड्यातुकड्यानं उशीर सांगितला की माणूस कुठलाच निर्णय घेत नाही. तो पाटीकडं बघत बसतो.

नियम तर तेव्हाही होता. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर वाट पाहणाऱ्या प्रवाशांना खाणं-पिणं द्यायचं. हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, लिहून ठेवलेलं आहे. धुक्यासाठी नुकसानभरपाई मिळत नाही, पण जेवण मिळतं. मला हे माहीत नव्हतं. रांगेतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

9.05

बोर्डिंगची हाक आली. रांग सरकू लागली. आण्णांनी दारावरच्या मुलीला विचारलं, "बाई, नाष्टा कवा?" ती म्हणाली, "वर गेलं की लगेच, काका." पंधरा-वीस मिनिटांचा हिशोब करून ते बाजूच्या स्वच्छतागृहात गेले आणि सुई घेऊन आले. रोज घरी घेतात तेवढीच मात्रा.

त्यांच्या इन्सुलिनला अर्ध्या तासात अन्न लागतं. मिळालं नाही तर रक्तातली साखर उतरायला लागते.

9.35

विमानाचं दार बंद झालं. आईनं खिडकी धरली. आण्णा मधे, मी कडेला. विमान जागेवरच.

10.15

कॅप्टनचा आवाज: दिल्लीकडून परवानगी नाही, अर्धा तास लागेल. विमान जमिनीवर असताना खाणं वाटता येत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. पाणी मिळालं. मी साखरेचं किंवा ज्यूसचं विचारायला हवं होतं. मला धोका कळलाच नव्हता. आण्णा गप्प होते, आणि गप्प आण्णा घरात कुणाला नवीन नाहीत.

11.00

आणखी अर्धा तास. मागं कुणीतरी ओरडलं, कुणाचं लेकरू रडायला लागलं. एक गृहस्थ उठून हवाई सुंदरीवर धावले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बिचारी दीड तास तेच वाक्य बोलत होती आणि तिलाही कुणी खरं सांगितलेलं दिसत नव्हतं. त्याच दिवशी दिल्लीत गोव्याच्या विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकाला एका प्रवाशानं मारल्याची चित्रफीत नंतर देशानं पाहिली. मार खायला नेहमी समोर उभा असलेला माणूसच सापडतो.

11.25

आण्णांच्या कपाळावर घाम. विमानात गारठा, माझ्या अंगात स्वेटर, आणि त्यांची टोपी ओली. मी हात धरला तर थंडगार आणि थरथरता. म्हटलं, "आण्णा, काय होतंय?" ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बैल सोडलं का रं?" आमच्या दावणीला बैल नसल्याला अकरा वर्षं झाली.

आईला लगेच कळलं. मी अजून "आण्णा, आपण विमानात आहोत" असं समजावत होतो.

11.40

ते मान टाकू लागले. मीटर बॅगेत, बिस्किटं बॅगेत, गोळ्या बॅगेत, आणि बॅग आमच्या पायाखाली विमानाच्या पोटात.

आईनं खोका उघडला. नातवाचा हार काढला आणि दातानं दोरा तोडला. पांढऱ्या हलव्याचे चार दाणे दोऱ्यातून ओढून तिनं आण्णांच्या गालात ठेवले. "गिळा हळूहळू." ते गिळत होते, एवढी शुद्ध होती हे नशीब. पुरता बेशुद्ध झालेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, श्वासात अडकतं. मग आणखी चार दाणे. हलवा म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. तोवर तीच मघाची हवाई सुंदरी ज्यूसचा डबा आणि साखरेच्या पुड्या घेऊन धावत आली, गुडघ्यावर बसली आणि आण्णांच्या ओठाला ज्यूस लावून बसून राहिली. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी लाडू पुढं केला. हार संपला तेव्हा आईनं बाजूबंद तोडला.

12.10

शिडी लागली, दार उघडलं, विमानतळावरचे डॉक्टर आले. मीटरवर आकडा आला 46. आणि हा हलवा, ज्यूस पोटात गेल्यानंतरचा. डॉक्टर म्हणाले, "अजून वीस मिनिटं गेली असती तर झटके आले असते." शिरेतून ग्लुकोज लावून त्यांना खाली उतरवलं. आम्ही तिघं प्रवास करणार नाही म्हटल्यावर आमची बॅगही विमानातून उतरवावी लागली. त्यात इतरांचा आणखी वेळ गेला, आणि तरी आमच्या शेजारून जाताना एकानंही कपाळाला आठी घातली नाही. मघाशी हवाई सुंदरीवर धावलेल्या त्याच गृहस्थांनी आईची पिशवी खालपर्यंत आणून दिली.

विमान दुपारी गेलं. आण्णा दोन रात्री दवाखान्यात होते. लेकीसाठी केलेली भोगीची भाकरी आम्ही दवाखान्याच्या बाकावर खाल्ली.

त्या रात्री आणि नंतर

गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान त्याच दिवशी धुक्यामुळं मुंबईकडं वळवलं गेलं. बारा-बारा तास खोळंबलेले प्रवासी विमानातून उतरून तिथंच डांबरावर, विमानाशेजारी बसून जेवले. ते चित्र सगळीकडं फिरलं, लोक हसलेही. मला हसू आलं नाही. भुकेलेली माणसं कुठं बसतात यापेक्षा ती का भुकेली राहिली, हा प्रश्न मोठा होता.

15 जानेवारीला डीजीसीएनं कंपन्यांना कार्यपद्धती घालून दिली: विमानाच्या उशिराची खरी माहिती वेळोवेळी द्या, ती प्रवाशाला मोबाईलवर आणि ईमेलवर पाठवा, आणि तीन तासांहून जास्त उशीर दिसत असेल तर विमान आधीच रद्द करायला हरकत नाही. दोन दिवसांनी दंड झाले. मुंबईच्या प्रकाराबद्दल इंडिगोला 1 कोटी 20 लाख, मुंबई विमानतळाला एकूण 90 लाख. आणि डिसेंबरच्या नाताळ सुट्टीत धुक्याच्या वेळेला कॅट-थ्रीचं प्रशिक्षण नसलेले वैमानिक नेमल्याबद्दल एअर इंडिया आणि स्पाइसजेटला 30-30 लाख. मार्चअखेर आणखी एक नियम आला: विमानात बसल्यावर फार वेळ खोळंबा झाला तर प्रवाशांना उतरवून निर्गमन दारानं बाहेर पडू द्यायचं. आम्हाला तो अडीच महिने उशिरा आला.

बोरन्हाण 16 फेब्रुवारीला, रथसप्तमीला झालं, निमोण्यात आमच्या अंगणात. बहीणच बाळाला घेऊन आली. हार आईनं नवा केला होता; बाजूबंद करायला वेळ मिळाला नाही.

डिसेंबर-जानेवारीत आई-वडिलांना घेऊन उत्तरेकडं विमानानं निघणार असाल, तर एवढं करा. इन्सुलिन, मीटर, गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक वेळचं जेवण हातातल्या पिशवीत ठेवा. दोन तास झाले की काउंटरवर जाऊन जेवण मागा, ते तुमच्या हक्काचं आहे. आणि ताट समोर आल्याशिवाय सुई घेऊ देऊ नका, कुणी कितीही "लगेच" म्हटलं तरी.