परकीय चलनातील ठेव
वसई-विरार पट्ट्यातून, विशेषतः पापडी-नंदाखालसारख्या गावांतून, आखातात आणि जहाजांवर गेलेल्या नोकरदारांच्या संदर्भात ही संज्ञा ‘एफसीएनआर’ ठेवीसाठी आली आहे. अनिवासी भारतीय ती डॉलर, पौंड, युरो अशा चलनात १ ते ५ वर्षांसाठी ठेवतो आणि मुदतीअंती त्याच चलनात परत घेतो, त्यामुळे रुपयाच्या घसरणीची झळ मुद्दलाला लागत नाही. १९७५च्या मूळ योजनेत विनिमयदराचा तोटा रिझर्व्ह बँक सोसत असे. १९९३च्या ‘एफसीएनआर (बी)’ योजनेत तो भार बँकांवर आला. मात्र अमिरातींचा दिरहॅम डॉलरशी (१ डॉलर = ३.६७२५ दिरहॅम) बांधलेला असल्याने दुबईच्या पगारातून निव्वळ डॉलर-ठेवी करणाऱ्याची जोखीम मुळीच विभागली जात नाही, हे ठेवीदाराने आवर्जून ध्यानात घ्यायला हवे; जोखीम विभागण्यासाठी काही रक्कम पौंडात वा युरोत ठेवावी लागते.