मॉल रोडवरचा परवाना

शिमल्याला प्रथमच गेलेल्या मराठी माणसाला माथेरान आठवल्यावाचून राहत नाही. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडायची आणि पुढे पायी निघायचे, ही शिस्त आपल्या परिचयाची आहे. परंतु माथेरान हे छोटे गिरिस्थान आहे, तर शिमला ही एका राज्याची राजधानी. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे १ लाख ७० हजार होती. एवढ्या शहराची मुख्य बाजारपेठ मोटारींवाचून कशी चालते, याचे उत्तर इतिहासात सापडते. आणि तो इतिहास फारसा अभिमानास्पद नाही.

१८६४ मध्ये शिमला ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झाले. मॉल रोडवर वाहनातून जाण्याचा मान व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाब प्रांताचे प्रमुख या तिघांनाच होता. इतरांनी पायी जावे, घोड्यावर बसावे किंवा रिक्षा घ्यावी. ही रिक्षा बहुधा चार माणसे ओढीत. म्हणजे पादचाऱ्याचे हित हा त्या नियमाचा हेतू नव्हता. तो दरबारी मानापमानाचा भाग होता.

स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय गेले, रिक्षाही गेल्या. बंदी मात्र टिकली. २००७ मध्ये राज्याने शिमल्यातील रस्ते वापरणारे व पादचारी यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. काही रस्ते वाहनांना बंद, काही मर्यादित, आणि अपवादांसाठी परवाना, अशी त्याची रचना आहे. ज्या नियमाने पूर्वी मोजक्यांचा रुबाब जपला, तोच आता शाळकरी मुलांना आणि वृद्धांना निर्धास्तपणे चालू देतो. प्रशासनात असे क्वचितच घडते.

परंतु बंदीमुळे मोटारी नाहीशा होत नाहीत. त्या खाली कार्ट रोडवर साठतात. तेथून मॉलवर येण्यासाठी दोन टप्प्यांची लिफ्ट आहे, पण गाडी ठेवायची कोठे, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडील नगररचनेच्या प्रचलित मानकानुसार उघड्या वाहनतळावर एका मोटारीस, ये-जा करण्याच्या जागेसह, सुमारे २३ चौरस मीटर जागा धरतात. डोंगर कोरून मिळवलेली एवढी जमीन फुकट वा नाममात्र दरात दिली, तर मागणी कधीच संपणार नाही, हे अर्थशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात पार्किंगचे शुल्क जमिनीचे खरे मूल्य दर्शविणारे असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. धोरण कागदावर उत्तम आहे. अंमलबजावणीत आड येतो तो आपल्यासारखा मोटारमालकच.

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी एका बैठकीसाठी शिमल्यास गेलो होतो. विश्रामगृहापासून बैठकीचे ठिकाण फार तर वीस मिनिटांच्या चालीवर होते. तरीही परवाना असलेली सरकारी गाडी दाराशी आली आणि मी तीत बसलो. वाटेत पाठीवर गॅसचा सिलिंडर घेतलेला एक वयस्कर हमाल आमच्या गाडीस वाट देण्यासाठी कठड्याला टेकून उभा राहिला. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. त्याला ते सवयीचे असावे. मला मात्र रिक्षा ओढणारी ती चार माणसे आठवली.

परतताना मी चालत आलो. त्याने फार काही साधले, असे नाही. परंतु तेव्हापासून कोणत्याही शहराच्या वाहतूक योजनेची फाइल समोर आली, की मी प्रथम अपवादांची यादी वाचतो. शिमल्यात ती एकेकाळी तीन नावांची होती. आता तिच्यात रुग्णवाहिका आणि अग्निशामक दल असलेच पाहिजे. पण त्यानंतरचे प्रत्येक नाव का आहे, हे विचारावयास हवे. विचारणाऱ्याचे स्वतःचे नाव तीत असेल, तर अधिकच.