नीलाविस्फार, गुडघ्याच्या लवणीतील

लवणीतून मांडीकडे जाणाऱ्या खोल नीलेची भित्ती दुर्बल होऊन तिला आलेला पिशवीसारखा अथवा चातीसारखा फुगवटा. ही व्याधी विरळा असली, तरी अपस्फीत नीलांप्रमाणे तिची गणना केवळ गैरसोयींत करणे घातक ठरते. कारण फुगवट्यात मंदावून भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या रक्ताची गुठळी होते आणि चालताना पोटरीचे स्नायू आवळले गेले, की ती सुटून हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसरोहिणीत जाऊन अडकते. हे अंतर्कीलन हेच पुष्कळदा पहिले लक्षण असते.

मे व निस्ल यांनी १९६८ मध्ये या विस्फाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अंतर्कीलनाशी त्याचा संबंध डाल व सहकाऱ्यांनी १९७६ साली नमूद केला.

कारणे : जन्मजात दौर्बल्य, आघात, शोथ अशी सांगितली जातात; त्यांविषयी मतैक्य नाही.

निदान डॉप्लर सोनोग्राफीने होते. अंतर्कीलनाचा उगम सापडत नसेल, तर दोन्ही लवणी तपासण्यात हयगय होता कामा नये.

चिकित्सा : निव्वळ रक्त गोठू न देणाऱ्या औषधांवर विसंबलेल्या रुग्णांत अंतर्कीलन पुन्हा उद्भवल्याचे, क्वचित मृत्यूचेही, दाखले आहेत, सबब गुठळी झाली असल्यास, तसेच विस्फार पिशवीसारखा असल्यास, शस्त्रक्रियाच इष्ट होय. सु. २० मिमी.हून लहान, लक्षणरहित चातीरूप विस्फार नियमित तपासणीखाली ठेवावा, असे बहुतेक शल्यविशारद मानतात.

रुग्णास पालथे निजवून लवणीवर नागमोडी छेद घेतात. कारण घडीवरून सरळ गेलेला छेद भरताना आखडतो. नीलेच्या पृष्ठभागी असलेली मोठी चेता अलगद बाजूस सारून, पिशवी न दाबता, हेपॅरिन दिल्यावर वरचा व खालचा प्रवाह चिमट्यांनी रोखतात. मग गुठळी काढून पिशवीची अतिरिक्त भित्ती कातरतात आणि उरलेल्या कडा पॉलिप्रोपिलीनच्या अतिसूक्ष्म धाग्याने सलग शिवतात. भित्ती किती राखावी यातच हाताची खरी परीक्षा असते: जास्त कातरली तर नीला अरुंद होऊन पुन्हा गोठते, कमी कातरली तर फुगवटा उरतो. चातीरूप विस्फारात तो भाग पूर्ण काढून टोके जोडतात; अंतर अधिक असल्यास मांडीच्या वरवरच्या नीलेचा तुकडा बसवतात, आणि तो अरुंद पडल्यास उभा चिरून, नळीवर मळसूत्री गुंडाळून, कडा शिवून रुंद करतात.

रक्तगुल्म, चेतेचे तात्पुरते दौर्बल्य व शिवणीवरील क्लथन हे उपद्रव संभवतात. शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठू न देणारी औषधे साधारणतः तीन ते सहा महिने चालू ठेवतात.