इंडेक्स दोनची कुळकथा

खरेदीखत झाले की घरचे हमखास विचारतात, ‘इंडेक्स टू मिळाला का?’ सरकारी भाषेत ती सूची क्रमांक दोन. १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या कलम ५५ प्रमाणे पहिली सूची माणसांच्या नावांची, दुसरी मिळकतींची. त्या दुसऱ्या सूचीतला उतारा आपल्या हाती पडतो.

तिची गरज जुनी आहे. जमीन डोळ्यांना दिसते, तिच्यावरचे गहाण दिसत नाही. एकच शेत दोघांना विकले, तरी दुसऱ्याला पत्ता लागत नसे. म्हणून १८६४ च्या कायद्याने ठरावीक दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात १८९३ पासून लागू झाला आणि शंभर रुपये व त्यावरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करायची, असे ठरले.

सूचीचे रकाने वाचण्यासारखे आहेत: मोबदला, क्षेत्रफळ, दस्त लिहून देणारा, लिहून घेणारा. एका रकान्यात अजून ‘जुडी’ हा शब्द आहे. इनाम जमिनीवरच्या सवलतीच्या साऱ्याचे हे नाव. इनामे गेली, शब्द राहिला.

लिहून देणाऱ्याचे रक्षण असे, की दुय्यम निबंधकापुढे त्याने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने कबुली दिल्याशिवाय दस्त सहसा नोंदला जात नाही. खरेदीखत होऊनही पैसे थकले, तर त्या मिळकतीवर त्याचा बोजा राहतो. लिहून घेणाऱ्यालाही तसेच संरक्षण आहे. त्याने आगाऊ रक्कम दिली असेल, तर तिच्यापुरता बोजा त्याच्या बाजूने उभा राहतो. शिवाय शुल्क भरून कोणीही ही सूची पाहू शकतो. मात्र ही सोय जबाबदारीही आणते. १९२९ च्या दुरुस्तीनंतर, मिळकतीचा दस्त रीतसर नोंदलेला असेल तर तो घेणाऱ्याला ठाऊक होता, असेच कायदा धरतो. ‘मी पाहिलेच नाही’ ही सबब चालत नाही.

एवढे असूनही नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे. विकणाऱ्याकडे मुळात हक्क नसेल, तर निबंधकाचा शिक्का तो निर्माण करत नाही. तेव्हा इसार देण्याआधी वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या. सूची सर्वांसाठी उघडी ठेवली आहे, ती याचसाठी.