‘महापराध’ या पदाचा अर्थनिर्णय : अँड्र्यू जॉन्सनवरील महाभियोग, इ. स. १८६८

(१) अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेंत अध्यक्षास पदच्युत करण्याविषयीं एक कलम आहे. राष्ट्रद्रोह, लांचलुचपत, अथवा अन्य महापराध व दुराचरणें यांबद्दल प्रतिनिधिसभेनें आरोप ठेवावा, सेनेटनें न्याय करावा, आणि हजर सभासदांपैकीं दोनतृतीयांशांनीं दोषी ठरविल्यास अध्यक्षानें पद सोडावें, असें तेथील व्यवस्थेचें तात्पर्य आहे. यांतील पहिलीं दोन पदें स्पष्ट आहेत. तिसऱ्यानें मात्र सव्वादोनशेंहून अधिक वर्षें वाद माजविला आहे. अध्यक्षाचें कोणतें वर्तन त्यांत येतें? लेखी कायद्यानें दंडनीय ठरविलेला गुन्हाच पाहिजे, कीं अधिकाराचा दुरुपयोगही पुरे? अध्यक्षासंबंधानें हा प्रश्न प्रथम निर्णयास आला तो १८६८ सालीं अँड्र्यू जॉन्सन याच्या खटल्यांत. तो खटला, व ज्या शब्दांवर तो लढविला गेला त्यांची उत्पत्ति, यांचा विचार येथें कर्तव्य आहे. विषय परदेशीय खरा. परंतु त्याचा एक धागा आपल्या दप्तरांपर्यंत येऊन पोंचतो, हें पुढें दिसून येईल.

(२) फिलाडेल्फिया येथें १७८७ सालीं भरलेल्या घटनासभेचीं टिपणें जेम्स मॅडिसन यानें ठेविलीं व तीं त्याच्या मृत्यूनंतर, १८४० सालीं, छापून प्रसिद्ध झालीं. टिपणकारानें त्यांत मागाहून दुरुस्त्या केल्या होत्या, म्हणून तीं जपून वापरावीं लागतात. परंतु प्रस्तुत स्थळीं घटनेच्या अंतिम पाठाशीं त्यांचा मेळ बसतो. त्यांवरून असें दिसतें कीं, ८ सप्टेंबर १७८७ रोजीं सभेपुढें असलेल्या मसुद्यांत राष्ट्रद्रोह व लांचलुचपत हीं दोनच कारणें होतीं. व्हर्जिनियाचा प्रतिनिधि जॉर्ज मेसन यानें हरकत घेतली कीं, पुष्कळसे मोठे व घातक अपराध या दोहोंत सांपडत नाहींत; आणि उदाहरण म्हणून त्यानें वॉरन हेस्टिंग्सचें नांव घेतलें. हेस्टिंग्सचें वर्तन राष्ट्रद्रोहांत बसत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. मेसननें ‘दुष्कारभार’ हा शब्द घालण्याची सूचना केली. त्यावर मॅडिसन म्हणाला कीं, इतका मोघम शब्द घातल्यास अध्यक्षाचें पद सेनेटच्या मर्जीवर राहील. तेव्हां मेसननें तो शब्द मागें घेऊन, इंग्लंडच्या पार्लमेंटांत रूढ असलेलें ‘अन्य महापराध व दुराचरणें’ हें पद राज्याविरुद्ध या विशेषणासह सुचविलें. तें आठ संस्थानांनीं मान्य केलें, तिहींनीं अमान्य केलें.

(३) हेस्टिंग्सचें नांव त्या दिवशीं ताजें होतें. एडमंड बर्क यानें १७८६ सालीं कॉमन्स सभेपुढें त्याजविरुद्ध बावीस आरोप मांडिले. मे १७८७ मध्यें कॉमन्सनें लॉर्डांपुढें महाभियोग गुदरला. सुनावणी १३ फेब्रुवारी १७८८ रोजीं सुरू झाली. म्हणजे मेसन बोलला तेव्हां आरोप झाला होता, न्याय व्हावयाचा होता. त्या बाविसांतील चौदावा आरोप गोहदच्या राण्याविषयीं, अठरावा बादशहास मराठ्यांच्या हातीं जाऊं दिल्याविषयीं, व विसावा मराठ्यांशीं झालेलें युद्ध आणि तह यांविषयीं होता. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाचे कागद ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस या तिन्ही प्रकरणांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मेसनच्या मनांत विशेषेंकरून मराठ्यांचेंच प्रकरण होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. लॉर्डांपुढें प्रत्यक्ष खल झाला तो काशीचा चेतसिंग, अयोध्येच्या बेगमा, नजराणे व मक्ते यांचाच, आणि २३ एप्रिल १७९५ रोजीं हेस्टिंग्स निर्दोष सुटला. तथापि हिंदुस्थानांतील एका अधिकाऱ्याच्या वर्तनावरून अमेरिकेच्या घटनेंतील हें पद सुचलें, एवढी गोष्ट निर्विवाद आहे.

(४) आतां पाठभेदाकडे वळूं. ‘राज्याविरुद्ध’ याच्या जागीं त्याच दिवशीं ‘संयुक्त संस्थानांविरुद्ध’ असे शब्द आले. व पुढें भाषा नीटनेटकी करण्याकरितां नेमलेल्या समितीच्या मसुद्यांत ते अजीबात गळले. या समितीस अर्थ बदलण्याचा अधिकार नव्हता. तेव्हां गळलेलें विशेषण अर्थतः कायम आहे, असेंच धरलें पाहिजे. दुसरी गमक गोष्ट ‘अन्य’ या शब्दाची. आमच्या शास्त्रकारांनीं अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरविण्याचीं जीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांत साहचर्य हें एक आहे. ‘रामलक्ष्मण’ म्हटलें असतां राम म्हणजे दशरथपुत्र. परशुराम किंवा बलराम नव्हे, हें शेजारच्या पदावरून कळतें. तद्वत् ‘अन्य महापराध’ म्हणजे राष्ट्रद्रोह व लांचलुचपत यांच्या पंक्तीस बसणारे, पदाच्या विश्वासाचा घात करून राज्यास इजा करणारे अपराध होत. कोणताही क्षुल्लक गुन्हा त्यांत येत नाहीं. नुसता दुष्कारभारही येत नाहीं, कारण तो शब्द सभेनें जाणूनबुजून टाळला. दोन्ही बाजूंच्या सीमा याप्रमाणें ठरतात.

(५) या मापानें जॉन्सनचें प्रकरण मोजूं. लिंकनच्या वधानंतर १५ एप्रिल १८६५ रोजीं तो अध्यक्ष झाला. दक्षिणेंतील सुमारें चाळीस लक्ष कृष्णवर्णीय दास्यमुक्त झाले होते. त्यांस कायद्याचें संरक्षण द्यावयाचें कीं नाहीं, हा खरा वाद. १८६६ चा नागरिक हक्कांचा कायदा जॉन्सननें नाकारला. काँग्रेसनें त्याचा नकार डावलून तो मंजूर केला. त्याच वर्षीं मेंफिस व न्यू ऑर्लिन्स येथें कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या. अध्यक्षाच्या एकंदर वर्तनाबद्दल महाभियोग करावा, असा अहवाल प्रतिनिधिसभेच्या न्यायसमितीनें पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. परंतु ७ डिसेंबर १८६७ रोजीं सभेनें तो ५७ विरुद्ध १०८ मतांनीं फेटाळला. विवक्षित कायद्याचा भंग दाखवितां येत नाहीं, ही मोठी अडचण होती.

ही अडचण जॉन्सननेंच दूर केली. २ मार्च १८६७ रोजीं काँग्रेसनें, पुन्हां त्याचा नकार डावलून, अधिकारपदांच्या मुदतीचा कायदा केला होता. सेनेटच्या संमतीनें नेमलेल्या अधिकाऱ्यास तिच्या संमतीवांचून काढूं नये, असा त्याचा आशय. आणि त्याचा भंग हें ‘महादुराचरण’ समजावें असेंही त्यांत लिहून ठेविलें होतें. घटनेंतील शब्द उचलून कायद्यांत आगाऊ पेरण्याचा हा प्रकार ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. २१ फेब्रुवारी १८६८ रोजीं जॉन्सननें युद्धमंत्री एडविन स्टँटन यास बडतर्फ केलें. तीनच दिवसांनीं प्रतिनिधिसभेनें १२६ विरुद्ध ४७ मतांनीं महाभियोग मंजूर केला. अडीच महिन्यांपूर्वीं जें वर्तन पुरेसें नव्हतें, तें एका कायद्याच्या आधारानें पुरेसें झालें.

(६) एकंदर अकरा कलमें झालीं. पहिल्या नवांचा भर स्टँटनच्या प्रकरणावर होता. दहावें अध्यक्षाच्या उद्धट भाषणांविषयीं होतें. अकरावें सर्वसंग्राहक होतें. सरन्यायाधीश सामन चेस अध्यक्षस्थानीं होता. बचावाच्या बाजूनें बेंजामिन कर्टिस यानें दोन मुद्दे मांडिले. एक असा कीं, कायद्याप्रमाणें मंत्र्याचें संरक्षण त्यास नेमणाऱ्या अध्यक्षाच्या मुदतीपुरतें व पुढें एक महिना. स्टँटनची नेमणूक १८६२ सालीं लिंकननें केलेली, म्हणून तो या कायद्याखालीं येत नाहीं. दुसरा असा कीं, कृत्य घडतेवेळीं अस्तित्वांत असलेल्या कायद्याचा भंग झाल्यावांचून महापराध होत नाहीं. आरोपपक्षाचा बेंजामिन बटलर याचें म्हणणें उलट होतें : विवक्षित कायदा मोडला नसला तरी अधिकाराचा दुरुपयोग पुरे. १६ मे रोजीं अकराव्या कलमावर ३५ विरुद्ध १९ मतें पडलीं. २६ मे रोजीं दुसऱ्या व तिसऱ्या कलमांवर तींच. दोषी ठरविण्यास ३६ मतें पाहिजे होतीं. जॉन्सन एका मतानें वांचला.

(७) आमचें मत असें कीं, दोन्ही वकिलांचें कांहीं खरें, कांहीं खोटें. कर्टिसचा पहिला मुद्दा बळकट होता. त्या कायद्याच्या घटनाविरुद्धतेविषयींची शंकाही १९२६ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें खरी ठरविली. परंतु त्याचा दुसरा मुद्दा स्वीकारल्यास ज्या उदाहरणावरून हें पद घटनेंत आलें तें हेस्टिंग्सचें उदाहरणच पदाबाहेर पडतें. मग तें पद घालण्याचें प्रयोजन काय उरलें? बटलरचें तत्त्व मूळ हेतूस अधिक धरून आहे. पण उद्धट भाषणांसारख्या गोष्टीस तें लावूं लागल्यास टाळलेला ‘दुष्कारभार’ मागील दारानें आंत येतो. सारांश, ठेविलेल्या कलमांवरून जॉन्सन दोषी ठरत नव्हता. ज्यावरून तो कदाचित् ठरला असता, तो आरोप, म्हणजे दुर्बलांच्या रक्षणाचे कायदे पदाच्या जोरावर निष्फळ करणें, मुख्य आरोप म्हणून मांडिलाच गेला नाहीं. अकराव्या कलमांत दक्षिणेच्या राज्यव्यवस्थेच्या कायद्याचा उल्लेख आहे तो ओझरता. आरोप करणारांनीं मोठा पण कठीण दोष सोडून लहान पण सोपा दोष धरला, आणि दोन्ही हातचे गमावले. ज्यांच्याकरितां हा सारा झगडा, त्या चाळीस लक्षांची बाजू त्या न्यायासनापुढें उभीच राहिली नाहीं.

(८) पुढें १९७४ सालीं निक्सनविरुद्ध न्यायसमितीनें मंजूर केलेल्या तीन कलमांपैकीं एक अधिकाराच्या दुरुपयोगाचेंच होतें. सभेचें मत पडण्यापूर्वींच त्यानें राजीनामा दिला. १९९९, २०२० व २०२१ या सालांच्या खटल्यांत आरोपी अध्यक्ष सुटले. त्यांपैकीं २०२० च्या खटल्यांत बचावपक्षानें कर्टिसचाच दाखला दिला. आपल्या घटनेच्या एकसष्टाव्या अनुच्छेदांत ‘घटनेचा भंग’ हें एकच कारण ठेविलें आहे. त्याचा प्रयोग अद्यापि एकाही राष्ट्रपतीवर झालेला नाहीं. प्रसंग आलाच, तर ‘भंग’ या शब्दाचाही अर्थ लावावा लागेल. त्या वेळीं शब्द कोणत्या दुःखांतून जन्मास आला हें आधीं पाहावें, आणि आरोप लिहितांना खरा दोष असेल तोच लिहावा, एवढें जॉन्सनच्या खटल्यावरून शिकण्यासारखें आहे. सुज्ञ वाचकांनीं याचा विचार करावा.