दरबाराच्या चित्रात कोण कुठे उभं?

दर 12 जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जिजाऊंच्या प्रतिमेपुढे हात जोडतो. ती प्रतिमा पुढच्या काळातल्या चित्रकारांनी मनाने रंगवलेली आहे. जिजाऊंना समोर पाहून काढलेलं खात्रीचं चित्र आपल्याकडे नाही. त्याच काळात मुघल बादशहांची चित्रं मात्र ढिगाने निघत होती. ती कशी बघायची, ते आज सांगतो.

ही चित्रं वहीच्या पानाएवढी लहान. बादशहा उंच झरोक्यात, सरदार खाली उभे. ज्याचा मान मोठा, तो जवळ. जहांगीर आणि शहाजहानच्या डोक्यामागे तर देवाच्या तसबिरीसारखं तेजाचं वलय!

दरबारातही अशीच रीत होती. आपल्या जळगाव जामोदच्या पलीकडे बुऱ्हाणपूर आहे. तिथे 1615 मध्ये इंग्लंडचा वकील टॉमस रो शहजादा परवेझला भेटला. शहजादा उंच सज्जात, सरदार खाली उभे. रोला जमिनीला डोकं टेकायला सांगितलं. मी काही चाकर नाही, असं म्हणून त्याने नकार दिला. मग खुर्ची मागितली, तीही मिळाली नाही. बसायचं कोणी आणि उभं राहायचं कोणी, यावरूनच सत्ता कळायची.

आता एक चित्र बघा. साधारण 1616 मध्ये अबुल हसन या चित्रकाराने ते काढलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून मलिक अंबरच्या कापलेल्या शिरावर बाण मारतो आहे. मलिक अंबर हा निजामशाहीचा वजीर. आपल्या लखुजी जाधवरावांनीही त्याच निजामशाहीची चाकरी केली होती. हा अंबर जहांगीरच्या हाती कधी लागलाच नाही. 1626 मध्ये तो म्हातारपणाने वारला. जे रणात जमलं नाही, ते कागदावर करून घेतलं!

म्हणजे दरबारी चित्र बादशहाच्या मनातलं सांगतं. घडलेलं सगळंच त्यात नसतं. 1629 मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजींना मुलांसह मारलं. त्या दिवशी जिजाऊंचं माहेर उजाड झालं. लेकीवर काय गुजरलं, हे रंगवायला कोणता चित्रकार बसणार होता? जहांगीरच्या काळात नादिरा बानूसारख्या बायकाही चित्रं काढत. पण कोणाचं चित्र काढायचं, हे ठरवणारे वेगळेच.

आपल्या गटाच्या कार्यक्रमाचा फोटो काढून बघा. पाहुणे मधे खुर्चीवर, पापडाचं पीठ मळणाऱ्या बाया कडेला, अर्ध्या कापलेल्या. खाली नावं फक्त पाहुण्यांची. शंभर वर्षांनी कोणी तो फोटो पाहिला, तर काम कोणी केलं म्हणेल?

म्हणून आम्ही गटात ठरवलंय. फोटोत काम करणारी पुढे बसेल. मागच्या बाजूला तारीख, गाव आणि प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहायचं. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. जुने फोटो घेऊन या, म्हाताऱ्या सासूबाईंना, आजीला विचारा आणि नावं लिहून ठेवा. त्या आहेत तोवरच हे काम होईल.